श्वास थांबला म्हणजे मेंदू गेला, असं छापू नका

प्रति,
मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर सर्पदंशानं दगावलेल्या एका तरुणाची बातमी आली. रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, दोन ठिकाणी फिरवून तिसऱ्या ठिकाणी नेईपर्यंत गेला. बातमीत एक वाक्य होतं, ‘विष मेंदूत भिनल्याने मेंदू निकामी होऊन श्वास बंद पडला.’ त्या वाक्यापाशी मी अडकले ते अजून तिथेच आहे. मी ३३ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, त्यातली २१ वर्षं रायगड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत. बातमीतली लक्षणं मण्यारीच्या दंशाची आहेत, आणि मण्यारीचं विष मेंदूत भिनत नाही. श्वास बंद पडला तेव्हा त्या मुलाचा मेंदू शाबूत असणार. श्वास घे, श्वास घे, असा हुकूम तो सोडत असणार. हुकूम छातीपर्यंत पोचत नव्हता, एवढंच.

बातमीदाराचा दोष काढायचा नाही. त्याला सांगितलं गेलं ते त्यानं लिहिलं. डॉक्टर, नर्स, नातेवाईक सगळेच असं बोलतात. नोकरीची पहिली काही वर्षं मीही असंच बोलत होते. पण ‘मेंदू गेला’ हे दोन शब्द पेशंटच्या उशाशी एकदा उच्चारले गेले की पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. श्वास देणारी पिशवी दाबणारा हात सैल पडतो. ॲम्ब्युलन्सला फोन लावणारा माणूस फोन खिशात ठेवतो. घरचे गोधडी गुंडाळायला लागतात. म्हणून श्वास कुठून निघतो आणि वाटेत कुठे कुठे तुटू शकतो, ते जरा सविस्तर लिहिते. जागा कमी पडली तर बाकीचं कापा, मण्यारीचा भाग तेवढा कापू नका.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. बुवा लांबवर आलाप घेत, टाळकरी मागेपुढे होत, पहाटेच्या सुमाराला कुणाची मान खाली जाई, पण पखवाजाचा ठेका मोडत नसे. शरीरात श्वासाचा ठेका धरणारी जागा मानेच्या किंचित वर आहे. मेंदू निमुळता होत होत जिथे पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूला मिळतो, तिथे. शाळेच्या पुस्तकात तिला मस्तिष्कपुच्छ म्हणतात, वॉर्डात आम्ही मेड्युला म्हणतो. अंगठ्याच्या पेराएवढा हा भाग. माणूस झोपला, भुलीखाली गेला, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला, तरी हा भाग धड असेल तर ठेका चालू राहतो, मिनिटाला बारा ते सोळा. कीर्तनकार सांगतात की माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो. मिनिटाला पंधरा धरले तर हिशेब तंतोतंत जुळतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला श्वास मोजायला शिकवलं, त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर मी तो गुणाकार करून पाहिला होता.

ठेका नेमका कुठला, हे शोधायला माणसाला फार वर्षं लागली. लेगालवा नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८१२ साली आपले सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदू वरून एकेक थर कापत खाली आलं तरी जनावर श्वास घेत राहतं, आणि मेड्युलातल्या एका ठरावीक जागी कापलं की श्वास तत्काळ थांबतो, असं त्याला दिसलं. त्या जागेतही नेमकं कोण ठेका धरतं, ते १९९१ मध्ये कळलं. जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या नवजात पिल्लाच्या मेड्युलाचा पातळ काप काढून बशीत जिवंत ठेवला. वरचा मेंदू नाही, छाती नाही, फुप्फुसं नाहीत, आणि त्या कापातून निघणाऱ्या नसेत श्वासाचा ठेका तसाच उमटत होता. त्या पेशींच्या पुंजक्याला प्री-बॉट्झिंगर म्हणतात. शेजारच्या भागाला एका जर्मन वाइनचं नाव दिलं होतं, त्यावरून ते पडलं. माझी भाची वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. निवृत्तीनंतर तिच्या पुस्तकांतून मी हे वाचलं आणि कितीतरी वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले. आयुष्यभर छाती वरखाली होताना पाहिली, पण मूळ ठेका छातीत नव्हताच.

मेड्युलातून निघालेला हुकूम मेरुरज्जूतून थोडा खाली उतरतो आणि मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पातळीवर बाहेर पडतो. तिथून निघणारी फ्रेनिक नस हृदयाच्या दोन्ही अंगांनी खाली जाऊन श्वासपटलाला मिळते. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. तो आकसून खाली गेला की हवा आत येते, सैल पडला की आपोआप बाहेर जाते. पडदा इतका खाली आणि त्याची नस इतक्या वर का, असं मला नेहमी वाटायचं. गर्भात हा पडदा मानेजवळ तयार होतो आणि वाढता वाढता खाली सरकतो, जाताना आपली नस ओढून नेतो. म्हणूनच यकृतात पू झालेला माणूस कधी कधी उजवा खांदा दुखतो म्हणून येतो. आणि म्हणूनच आंबे उतरवताना झाडावरून पडलेल्या गड्याची मान कुठे मोडली यावर सगळं ठरतं. तिसऱ्या मणक्याच्या वर मोडली तर श्वास जागच्या जागी बंद. पाचव्याच्या खाली मोडली तर हातपाय लुळे पडले तरी पोट वरखाली होत राहतं, कारण पडद्याची नस वाचलेली असते. अशा माणसाची बरगड्यांकडची छाती श्वासागणिक आत ओढली जाते आणि पोट फुगतं. नवीन मुलींना मी ते पोट दाखवायचे आणि म्हणायचे, हा अजून स्वतः श्वास घेतोय, मान हलवू नका.

ठेका धरणाऱ्याला खालून खबर लागते, म्हणून तो वेग कमीजास्त करतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की मेड्युलाच्या पृष्ठभागाजवळच्या पेशींना कळतं. ऑक्सिजन फार घटला तर मानेतल्या धमन्यांजवळच्या दोन बारीक गाठी ओरडतात. त्या कामासाठी हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञाला १९३८ चं नोबेल मिळालं. फुप्फुसं पुरेशी फुगली की तिथून व्हेगस नस ‘बास’ म्हणून कळवते. आपल्या डॉ. ऑतार सिंग पेंटल यांनी फुप्फुसातल्या केशवाहिन्यांजवळची, खबर देणारी नसांची आणखी काही टोकं शोधली. फुप्फुसात पाणी साठू लागलं की ती चेततात आणि माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. हार्ट फेल्युअरचा पेशंट पहाटे उठून बसतो, तेव्हा बोलत असतात त्या या नसा. श्वास रोखून जीव देता येत नाही याचं कारणही हेच. वरच्या मेंदूनं कितीही बजावलं तरी कार्बन डायऑक्साइड चढला की मेड्युला दार ढकलून आत येतो. याच्या उलट, विहिरीत लांब बुडी मारायची म्हणून पोरं काठावर जोरजोरानं दहावीस श्वास घेतात; त्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच उतरतो, धोक्याची घंटा वाजत नाही आणि पोरगं पाण्याखाली बेशुद्ध होतं. घरच्या मुलांना हे सांगून ठेवा.

आता मण्यारीकडे येते.

नस स्नायूला थेट चिकटलेली नसते. मध्ये केसापेक्षा कितीतरी बारीक फट असते. नसेच्या टोकाशी इवल्या इवल्या पिशव्यांत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन भरलेलं असतं. हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायन फटीपलीकडे जाऊन स्नायूवर बसतं, स्नायू आकसतो. मण्यारीचं विष नेमकं या फटीत काम करतं. त्यातला एक भाग पलीकडच्या स्नायूवरची जागा अडवतो. दुसरा भाग त्याहून वाईट, तो नसेचं टोकच नासवून टाकतो. हे विष म्हणजे मोठे मोठे प्रथिनांचे रेणू, मेंदूभोवतीची रक्ताची गाळणी ते ओलांडत नाहीत. त्यामुळे माणसाला सगळं कळत असतं. आधी पापण्या पडतात, मग दोन दोन दिसतं, बुबुळं फिरत नाहीत, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासपटल. नागाच्या विषात बहुतेक काम स्नायूच्या बाजूनं होतं, म्हणून इंजेक्शनांनी ते लवकर सुटू शकतं. मण्यारीत एकदा टोकं नासली की सापाचं इंजेक्शन ती परत आणत नाही. उरलेलं विष ते मारतं, म्हणून ते लवकर द्यायचंच. पण टोकं नव्यानं उगवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा. उपचाराचा मोठा भाग तोच आहे.

२००६ चा श्रावण होता. सकाळी साडेसहाला एका आदिवासी वाडीवरून पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या मामानं आणि दोन पोरांनी झोळी करून रस्त्यापर्यंत, आणि तिथून जीपनं आमच्याकडे आणलं. पहाटे तीनला पोटात कळ आली म्हणून उठली, ओकली. रात्रीचं काही बाधलं असं घरच्यांना वाटलं. भगतानं अंगारा लावला. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. मी पुढे गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघायला तिनं अख्खी हनुवटी वर केली. पापण्या उचलत नव्हत्या, म्हणून डोकं मागे टाकून खालच्या फटीतून बघत होती. मी म्हटलं, “बाय, एका दमात आकडे मोज बघू.” अठरापर्यंत गेली. तिच्या वयाच्या धडधाकट मुलीनं तिशीच्या पुढे सहज जावं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं, बारावर अडकली. तोंडातली लाळ गिळवत नव्हती, मामा पदरानं पुसावं तसा आपल्या टॉवेलानं पुसत होता.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी खूण शोधण्यात वेळ घालवला नाही. सापाच्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या सलाइनमधून चालू केल्या, निओस्टिग्मिन दिलं, ट्यूब टाकायची तयारी केली. पावणेआठला छाती हलायची थांबली. सक्शन करून ट्यूब टाकली आणि हातानं दाबून फुप्फुसांत हवा भरायची अंबूची पिशवी मी हातात घेतली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. जिथे होता ते रुग्णालय ८० किलोमीटरवर.

ॲम्ब्युलन्समध्ये मी, आमचा वॉर्डबॉय आणि मामा. चार आकडे मोजायचे, पाचव्याला दाबायचं. छाती उचलली की सोडायचं, जास्त दाबलं तर फुप्फुसाला इजा होते. अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ सुरू होते, मग हात बदलायचा. मधूनमधून एक मोठा दाब. आपण सगळेच दर काही मिनिटांनी नकळत एक उसासा टाकतो, तोही मेड्युलातल्या त्याच पुंजक्याच्या सांगण्यावरून. मिटू लागलेले वायुकोश त्यानं पुन्हा उघडतात. तिचा उसासा आम्हाला टाकावा लागत होता. बोटाला लावायचं सॅच्युरेशनचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. नखांचा रंग बघत होतो.

सिलिंडर संपत आला म्हणून वाटेतल्या एका रुग्णालयात थांबलो. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडाला ढिम्म. ते म्हणाले, “सिस्टर, मेंदू गेलाय हिचा. कशाला ओढताय पुढे?” मामानं ते ऐकलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाई, मग घरीच नेऊ द्या हिला. तिकडं कुणाच्या ओळखीचं पण नाय.” मण्यारीच्या विषानं बाहुली आकसवणारी नसही लुळी पडू शकते, बाहुली उघडी राहिली म्हणजे मेंदू मेला असं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. तरी त्या क्षणी माझ्याही पोटात गोळा आला.

पिशवी वॉर्डबॉयच्या हातात दिली. तिच्या पायावरची चादर वर केली आणि कानाशी तोंड नेलं. “बाय, मी सिस्टर. तुला ऐकू येत असंल तर उजव्या पायाचा अंगठा हलव.” पायाला वाडीवरचा तांबडा चिखल वाळून चिकटलेला, नखावरची मेंदी अर्धी उतरलेली. काही झालं नाही. वॉर्डबॉयनं दोनदा पिशवी दाबली. मग अंगठा खाली झुकला. किती? तांदळाच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, “पुन्हा.” पुन्हा झुकला. मामाचा हात धरून मी त्याचं बोट त्या अंगठ्यावर टेकवलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. त्याला कळलं. डॉक्टरांनीही पाहिलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि भरलेला सिलिंडर स्वतः ढकलत घेऊन आले.

नऊ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आधी बोटं हलली, मग भुवया, मग खांदे. अकराव्या दिवशी ट्यूब निघाली. त्या रविवारी मी तिला भेटायला गेले. आवाज घोगरा झाला होता. तिनं मला पहिली गोष्ट विचारली ती अशी, “मामा मला खरंच घरी न्यायला निघाला होता का?” मी म्हटलं, तो घाबरला होता गं. ती म्हणाली, “मी ओरडत होते.”

संपादक महोदय, ज्याच्याविषयी तुम्ही ‘मेंदू निकामी’ असं छापता, तो माणूस असा आत ओरडत असू शकतो.

ही चूक आपल्याकडचीच नाही. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेले ३१ पेशंट आले, त्यातले २७ दगावले. ते घामानं थबथबत, रक्तदाब चढे, गुंगी येई. विषाणूनं मेंदूच खाल्ला, असं तिथल्या जाणत्या डॉक्टरांनाही वाटलं. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सांगितलं की यांना श्वास पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतोय, ही सगळी लक्षणं त्याची आहेत. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी घालून त्यानं रबरी पिशवी हातानं दाबली आणि सर्वांसमोर ती सावरली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसले आणि महिनोन्महिने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मले. आम्ही ज्याला नुसतं अंबू म्हणतो ती आपोआप फुगणारी पिशवीही काही वर्षांत डेन्मार्कमध्येच तयार झाली. आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी एका प्रशिक्षणात ही गोष्ट सांगितली तेव्हा मला ती मुलगी आणि तिचा अंगठा आठवला.

मेंदूपर्यंत पोचणारं विष वेगळं असतं. फवारणीचं औषध पोटात गेलेला किंवा फवारताना बाधलेला माणूस घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कितीतरी शेतकरी, मजूर बाधले, काही दगावले. यातली काही औषधं मेंदूची गाळणी ओलांडून मेड्युलाचा ठेकाच बंद पाडतात, वर फुप्फुसं स्रावानं भरतात, आणि त्या फटीत रसायन साचून स्नायूही थकतो. तिन्ही ठिकाणी एकदम घाव. म्हणून ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध वेळेवर, मोजून, पुन्हा पुन्हा लागतं. आणि एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, डिस्चार्ज मागतो, आणि नेमका तेव्हा त्याचा श्वास पुन्हा बसू शकतो. त्याला उशीवरून मान उचलायला सांगावं. उचलता आली नाही तर घरी नेऊ नये.

आणि मेड्युला खरोखर मेली असेल तर? तेही पाहिलं आहे, आणि त्या वेळी घरच्यांना खोटी आशा देऊ नये असंच माझं मत आहे. पण ते ठरवायची रीत आहे. १९९४ च्या अवयवदान कायद्यानुसार डॉक्टरांचं मंडळ निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं. त्यात व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून कार्बन डायऑक्साइड चढू देतात आणि छाती एकदा तरी हलते का ते बघतात. हलली नाही, तर ठेका धरणारा उरला नाही. मात्र या परीक्षेच्या आधी विष, झोपेची औषधं, स्नायू लुळे करणारी औषधं यांची शक्यता संपवावीच लागते. रस्त्याकडेच्या रुग्णालयात टॉर्च मारून हा निकाल देता येत नाही.

भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८,००० माणसं मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये आराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं ठरवलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यार आणि नागाच्या दंशांवर ग्रामीण भागात कसे उपचार करता येतात ते २००४ मध्येच लिहून ठेवलं. म्हणजे ज्ञान आपल्याच जिल्ह्यात आहे. इंजेक्शनं आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, १०८ ची गाडी येते. कमी पडतं ते मधलं अंतर, जिथे पेशंटचा श्वास दुसऱ्याच्या हातात असतो. मास्क नाका-तोंडावर गच्च धरून जबडा वर उचलायचा आणि पिशवी दाबायची, हे पुस्तकातून येत नाही. दोन तास पुतळ्यावर सराव केला तर येतं. आशाताई, सर्पमित्र, जीपचे ड्रायव्हर, आश्रमशाळेतले शिक्षक यांना ते शिकवा, अशी माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. शिकवायला मी मोफत यायला तयार आहे, आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर प्रत्येक तालुक्यात आहेत.

आपल्याकडे एक मागणं. नागपंचमी जवळ आली आहे. दरवर्षी आपण त्या दिवशी सापांची रंगीत चित्रं आणि माहिती पूर्ण पानभर देता, लोक ते पान कापून भिंतीला लावतात, वाडीवर मी ते पाहिलं आहे. यंदा त्याच पानावर मोठ्या अक्षरात एवढं छापा. जमिनीवर झोपलात तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. पावसाळ्यात पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर अंगावर खूण नसली तरी मण्यार समजून दवाखाना गाठा, दोरी आवळू नका, कापू नका. वाटेत आकडे मोजायला लावा. श्वास थांबला तर तोंडानं किंवा पिशवीनं श्वास देत राहा, त्यानं देणाऱ्याला विष बाधत नाही. आणि त्याच्यासमोर जे बोलाल ते त्याला ऐकू येतंय असं धरून बोला.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
जि. रायगड